पाठ नसलेला कोट

मामा, तुमच्या तेराव्याला तुमचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवलेला होता. पाहुणे यायचे, चपला काढायचे, हात जोडायचे, आणि समोर बघावं तर फ्रेमची मागची बाजू. खाकी पुठ्ठा, वाकवलेले खिळे आणि फोटोवाल्याचा शिक्का. कुणी विचारलंच तर तुमचा मुलगा हळूच सांगायचा, "आईनं फिरवलाय." माझ्या सासूला, आत्याबाईंना, जाब विचारायची हिंमत सगळ्या बदनापुरात कुणाची आहे? तुमची तरी होती का?

फोटोवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. अख्खं घर पालथं घातलं तर तुमचा समोरून काढलेला फोटो एकच निघाला, आधार कार्डावरचा. लग्नातले अल्बमही चाळले. प्रत्येक लग्नात तुम्ही पंगतीत बुंदीची बादली घेऊन वाकलेले. कुठं नुसता कान, कुठं नुसता हात. शेवटी त्यानं आधार कार्डावरचाच मोठा केला, मागं निळं आभाळ सोडलं, आणि कार्डावर छाती नसते म्हणून गळ्याखाली कुणाचा तरी कोट-टाय चिकटवला. म्हणजे गेल्यावरही तुमच्या अंगात दुसऱ्याचेच कपडे! मला हसूही आलं आणि रडूही आलं, एकाच वेळी.

आत्याबाईंना मात्र नुसता राग आला. "हे कोण? चोर धरून आणल्यावानी तोंड. हे आमचे न्हाईत," म्हणाल्या आणि फोटो फिरवून ठेवला. मग भरल्या घरात माझ्याकडं बोट केलं. "सविता, दुनियेच्या आज्यांचे फोटो रंगानं काढले ना माझ्या माणसाला बसवून? आता त्याचा काढ. तवर मी कशालाच हार घालणार न्हाई."

आणि तुम्हाला माहीत आहे, त्या बोलल्या की ती काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून रोज सकाळी त्या शेवंतीचा हार करायच्या, रिकाम्या खिळ्याला अडकवायच्या आणि दिवस मावळायला तो तुळशीत नेऊन ठेवायच्या. मी ओसरीवरून जाताना रोज तो खिळा बघायचे. दिवसभर हार असा लोंबत असायचा आणि त्याच्या आत कुणीच नसायचं.

आता तुम्ही म्हणाल, काढायचा की मग, हाताला काय झालं होतं? मामा, तोच तर घोळ होता. माझ्या मोबाईलमध्ये तुमचे ढिगानं फोटो आहेत. माझ्या वह्यांमध्ये तुमचे हात, तुमची मान, तुमचे गुडघे शंभर वेळा काढलेले आहेत. पण त्यात एका ठिकाणी तुम्ही पाटील आहात, एका ठिकाणी गिरदावर, एका ठिकाणी पहिलवान. तुम्ही म्हणून तुम्ही एकाही कागदावर नव्हतात. मी तुमची सून. सासरे म्हणून मी तुमच्याकडं वर मान करून कधी बघितलंच नाही. ओसरीवर ताट ठेवायचं, पदर सावरायचा आणि मागं फिरायचं. सासरे म्हणून मला तुमचे फक्त पाय माहीत होते, आणि दारातल्या चपला.

हे सगळं सुरू कसं झालं ते आठवतं का? लग्नाच्या आधी मी चित्रकलेचा कोर्स केला होता, आणि लग्नानंतर माझी रंगांची पेटी पोटमाळ्यावर गेली. नात शाळेत जायला लागली तेव्हा मी तिच्या तक्त्यावर एक बैल काढला होता. तो तुम्ही बघितलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही शिडी लावून पोटमाळ्यावर चढलात आणि पेटी खाली आणलीत. मला काही बोलला नाहीत. आत्याबाईंना म्हणालात, "तिला म्हणावं, पेटीला उंदरं लागून राह्यलेत." बस, एवढंच. पुढं मी त्या पेटीला कधी पोटमाळा दाखवला नाही.

मग अंबडकडच्या एका घरातून पहिलं काम आलं. नवा बंगला बांधलेला, हॉलमध्ये आजोबा हवेत, आणि आजोबांचा फोटोच नाही. त्या काळी फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायचे, म्हणून काढला नव्हता. नाक मोठ्या काकांसारखं होतं, कपाळ आत्यासारखं, मिशा भरघोस, डोक्याला रुमाल, अंगात बंडी, असं घरच्यांनी सांगितलं. चेहरा मी त्यांच्या नातेवाइकांवरून जुळवला असता. पण धोतर नेसून खुर्चीत बसलेला माणूस डोक्यातून काढायचा कसा? कापड कुठं ताणतं, कुठं लोंबतं, ते अंगावरच बघावं लागतं.

तुमच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मी? मेलेल्या माणसाच्या जागी? उद्या मला एमआयडीसीत भट्टीपुढं उभं राह्यचंय, बाई." शेजारच्या काकांनी तर ऐकूनच छातीला हात लावला. मी नाद सोडला आणि कणीक मळायला बसले. तेवढ्यात ओसरीवरून तुमचा आवाज आला. मला नाही, हवेला सांगितल्यासारखा. "तिला म्हणावं, मी बसतो."

आत्याबाई कडाडल्या. "येड लागलं का? जित्या माणसानं मेल्याच्या जागी बसू न्हाई. ते लोक हार घालतील त्याला, उदबत्ती लावतील!"

"लावू दे की. यमाकडं नावाची यादी असती. फोटो बघून न्हाई नेत तो," तुम्ही म्हणालात.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आपण पहिल्यांदा बसलो तो दिवस मी विसरूच शकत नाही. तुम्ही नेहमीच्या शर्टात, टोपी घालून, खुर्चीवर ताठ, नजर भिंतीकडं. मी भुवयांपर्यंत पदर ओढलेला, नजर कागदाकडं. मध्ये शिवायला टाकलेली मांजर, ती तेवढी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. खरी मांजर नव्हती हो, नातीची कापडी मांजर होती, पण मला तसं वाटत होतं. बऱ्याच वेळानं तुम्ही उठून माझ्या मागं येऊन कागद बघितलात. कागदावर दोन पाय होते. चांगले झाले होते, अंगठ्याचं फुटलेलं नखसुद्धा होतं. पण वर माणूसच नव्हता.

"हे लोक आज्याला पायावरून वळखतेत का?" तुम्ही विचारलंत.

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तुम्ही खाली गेलात. परत आलात तेव्हा अंगात बंडी, खाली धोतर, डोक्याला रुमाल. खुर्चीत बसलात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेत, आणि एकदम भरदार आवाजात म्हणालात, "बाई, आता मी तुझा सासरा न्हाई. मी त्या लोकांचा आजा हाय. वरून मेलेलो बी हाय. मेलेल्याला कशाला लाजायचं? बघ बिनधास्त."

आणि मी बघितलं. लग्न होऊन इतकी वर्षं झालेली, पोरीचे घारे डोळे आजोबांवर गेलेत असं येणारं-जाणारं प्रत्येक जण म्हणायचं, पण ते आजोबांचे घारे डोळे मी स्वतः त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. त्या अंबडच्या आजोबांना मी तेच डोळे दिले. नाक त्यांच्या काकांचं, कपाळ आत्याचं आणि डोळे तुमचे. बंगल्यातली सगळ्यात म्हातारी बाई चित्रापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "हेच! अस्सेच बघायचे ते." मी आणि तुम्ही एकमेकांकडं बघितलं सुद्धा नाही. तेव्हा तुम्ही परत सासरे झाला होतात ना.

तो आपला कायदाच होऊन बसला. वर, दुसऱ्याच्या कपड्यात, तुम्ही अखंड बोलायचात. तुमच्या बियाणांच्या गोडाऊनमधल्या गमती, आत्याबाईंनी लग्नात घास भरवताना तुमचं बोट कसं चावलं होतं ते, सगळं. मी हसून हसून कुंचला खाली टाकायचे. आणि कपडे बदलून जिना उतरलात की तोंड एकदम सरळ. "तिला म्हणावं, चहात साखर कमी हाय." मी चार हातांच्या अंतरावर उभी असायचे हो! पण नाही. खाली आलं की मधे आत्याबाई हव्यातच.

पुढं कामं वाढत गेली आणि मी मनात त्या सगळ्या चित्रांना एक नाव दिलं, 'बिनफोटोचे आजे'. त्यांच्यासाठी एक पत्र्याची पेटी भरत गेली. नवं धोतर फार पांढरं दिसायचं म्हणून आपण ते चहाच्या पाण्यात बुडवायचो. आत्याबाई चहापत्तीचा डबा लपवून ठेवायच्या आणि तुम्ही बरोबर शोधून आणायचात. "धोतर चहा पिऊन राह्यलं आन् मी कोरडाच," असं वर मलाच ऐकवायचात. रुमाल तुम्हाला एकाच पद्धतीनं बांधता यायचा, तर बाकीच्या पद्धती तुम्ही नातीच्या मोबाईलवर बघून शिकलात. त्यातला एक बांधताना मान अशी काही अडकली की तुमच्या मुलाला कामावरून फोन करून बोलवावं लागलं होतं.

आणि ते कोट! एका घरचे आजोबा निजामाच्या काळात गिरदावर, म्हणजे तलाठ्यांवरचे साहेब होते, त्यांना शेरवानी हवी. दुसरे पाटील, त्यांना काळा कोट. इतकं कापड आणायचं कुठून? तुम्ही स्टेशनजवळच्या रशीदभाई टेलरकडं गेलात आणि म्हणालात, "फोटोला पाठ नसती. कोटाला तरी कशाला पायजे?" रशीदभाईंनी कात्री खाली ठेवली आणि हसत सुटले. "मियाँ, पूरी जिंदगी में ऐसा गाहक नहीं देखा. सामने से एकदम फर्स्ट क्लास करके देतूं. पीछे तुम जानो और अल्ला जाने." समोरून गळाबंद, गुंड्या, खिसे, सगळं बराबर. मागून नुसत्या नाड्या. परकराला असतात तशा.

त्या कोटाची खरी मजा तुमच्या व्याह्यांनी बघितली. म्हणजे माझ्या वडिलांनी. ते अचानक आले, आणि तुम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर, काळा कोट, रुमाल, हातात काठी. माझे वडील खालून बघतच राहिले. "वा! पाव्हणे, काय रुबाब!" तुम्ही खूश होऊन चहा सांगायला वळलात, आणि मागं नाड्या आणि भोकं पडलेलं बनियन. माझे वडील जिन्यातच खाली बसले. अजून कुठंही लग्नात भेटले की ते हीच गोष्ट सांगतात, आणि आता सांगताना मधेच गप्प होतात.

तुमच्या अंगावरची एकच गोष्ट तुम्ही कधी उतरवली नाहीत. तुळशीची माळ. तुम्ही माळकरी, ती काढायचा प्रश्नच नव्हता. तुम्ही ती कपड्याच्या आत ढकलायचात. पण अंकुशनगरजवळच्या त्या पहिलवान बापूंच्या वेळी रेशमी कुडत्याचा गळा मोठा होता, माळ बाहेर आली, आणि मी काढायच्या नादात तीही काढून मोकळी झाले. मला कळलं नाही, तुम्हाला कळलं नाही. चित्र टेम्पोत घालून तुम्ही स्वतः पोचवायला आलात. भरल्या घरात कापड बाजूला केलं आणि बापूंची म्हातारी लेक ओरडली, "अगं बाई! बापूच्या गळ्यात माळ? दर बाजाराला कोंबडं लागायचं त्यांना!"

आता घरंदाज माणसं शिव्या घालतात का चित्र परत देतात, असं मनात चाललं होतं. तेवढ्यात तुम्ही मागून, टेम्पोवाल्याच्या शेजारून म्हणालात, "मंग आता न्हाई लागणार."

ती म्हातारी जी हसायला लागली ती डोळ्याला पदर लावेपर्यंत हसत राहिली. "राहू द्या, राहू द्या. जित्तेपणी कुणाचं ऐकलं न्हाई. आता तरी सुधरले म्हणायचं." माळ तशीच राहिली. बापू अजूनही त्या भिंतीवर माळकरी होऊन बसलेत.

तुम्ही माझं एकही चित्र कधी पास केलं नाहीत. "ह्या समद्या आज्यांना राग कशाचा आलाय? बायकोनं जेवाय घातलं न्हाई का?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायचे, मामा, लोकांना भिंतीवर रुबाब पाहिजे. तुम्ही म्हणायचात, "रुबाब काय कामाचा? घरातलं लेकरू भिंतीकडं बघून भ्यायलं न्हाई पायजे. हसरा काढ." मी म्हणायचे, हसरा आजोबा कुणी घेणार नाही. मग तुम्ही फुगून बसायचात आणि ते फुगलेलं तोंडच पाटलाला शोभून दिसायचं, म्हणून मी गुपचूप तेच काढायचे. शेवटच्या वेळी तर तुम्ही धमकीच दिलीत. "पुढला हसरा काढ, न्हाई तर मी बसत न्हाई. बिलकुल न्हाई." मी रंग कालवत म्हणाले, पुढच्या वेळचं पुढच्या वेळी. पुढची वेळ आलीच नाही.

आणि मामा, एक गोष्ट सांगायची राहिली. मला खूप वेळा म्हणावंसं वाटायचं की तुमच्यामुळं मी उभी आहे. पेटी खाली आली ती तुमच्यामुळं. सून गच्चीवर बसून माणसं काढते म्हणून भावकीनं नाकं मुरडली तेव्हा तुम्ही चौकात म्हणाला होतात, "पोळ्या समद्यांच्याच सुना करतेत." हे मला बाहेरून कळलं होतं. पण हे सगळं म्हणायचं कुणाला? वर बसलेल्या गिरदावराला म्हणून काय उपयोग? आणि खाली सासऱ्यांसमोर तोंड उघडत नव्हतं. माझं म्हणणं रोज जिन्यातच राहिलं.

तेराव्यानंतर मी पत्र्याच्या खोलीत कागद लावून बसले. मोबाईलवरचे फोटो बघून तुमचा चेहरा काढला, खाली शर्ट काढला. चेहरा हुबेहूब तुमचाच झाला. आत्याबाई वर आल्या, बघितलं, म्हणाल्या, "हे सोंग हाय. त्यो पाटील शर्ट घालून बसलाय." आणि खरंच तसंच दिसत होतं. दुसरं काढलं. "हे कोर्टात साक्षीला उभे हायेत का?" तिसरं बघून तर त्या सरळ खाली जाऊन हार करत बसल्या. मला रडू कोसळलं. आयुष्यभर ज्या माणसानं माझ्यासाठी कुणाकुणाचे कपडे घातले, त्याला त्याच्याच शर्टात बसवता येईना. एकदा नात म्हणाली, "आई, आता आपलेच आजोबा बिनफोटोचे." ती सहज बोलली, पण मला जेवण गेलं नाही.

मग एका सकाळी आत्याबाई लुगडं नेसून तयार. "मला त्यो माळवाला दाखव."

तुम्ही कुठं कुठं टांगलेले आहात ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. जित्या माणसाला हार घातलेला मी बघणार न्हाई, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही जीपनं निघालो. उसाचे ट्रॅक्टर आडवे येत होते, धूळ उडत होती, त्या सरळ समोर बघत बसलेल्या. बापूंच्या घरी पोचलो, आणि हॉलमध्ये समोरच तुम्ही. कुडता, पिळदार मिशा, गळ्यात माळ, वरून प्लॅस्टिकचा हार. आत्याबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि बघत उभ्या राहिल्या.

"नाक दुसऱ्याचं हाय," त्या हळूच म्हणाल्या. "मिशा दुसऱ्याच्या. बसणं बी ह्यांचं न्हाई, तू बसवलेलं हाय. डोळे..." आणि हात वर करून चित्रातल्या माळेला बोट लावलं.

बापूंची म्हातारी लेक काठी टेकत आली. "बाई, कोण तुम्ही आमच्या बापूंच्या?"

"कुणी न्हाई. माळ तेवढी आमच्या घरची हाय."

त्या म्हातारीला सगळं कळलं. टेम्पोच्या शेजारी उभं राहून बोलणारा माणूस तिच्या बराबर लक्षात होता. तिनं आत्याबाईंचा हात धरला आणि दोघी बाजेवर बसल्या. चहा आला तो निवून गेला. निघताना ती म्हातारी म्हणाली, "मी रोज सकाळी उदबत्ती लावते. तुमच्या माणसाला बी पोचत असंल." आत्याबाईंनी पहिल्यांदा डोळे पुसले. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं.

परत येताना त्या जीपमध्ये एकदम बोलल्या, "ते असं बसत नव्हते गं."

"मग कसं बसायचे?"

"घरी चल. दाखवते."

तुमचे कपडे दहाव्याला सगळे देऊन टाकले होते, एक धागा ठेवला नव्हता, असं मला वाटत होतं. आत्याबाई सरळ माझ्या पत्र्याच्या पेटीकडं गेल्या. शेरवानी बाजूला, काळा कोट बाजूला, चहात बुडवलेली धोतरं बाजूला, आणि सगळ्यात खाली तुमचा निळसर पट्ट्यांचा शर्ट आणि टोपी. "सोंगांच्या पेटीत कोण हुडकतंय? म्हणून तिथं ठेवला," त्या म्हणाल्या. मामा, तुमची बायको तुमच्यापेक्षा वस्ताद निघाली.

त्यांनी तो शर्ट लुगड्यावरून घातला. मी मागून कॉलर नीट करायला गेले आणि माझा हात थांबला. त्या शर्टाला पाठ होती. घामानं विरलेली, खांद्यावर आत्याबाईंनीच ठिगळ लावलेली, पण अख्खी पाठ होती.

त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. डावा पाय दुमडून खाली, उजवा गुडघा वर. टोपी डोक्यावर घातली नाही, काढून गुडघ्यावर ठेवली. "टोपी डोक्यावर कमी आन् गुडघ्यावर जास्त असायची," म्हणाल्या. डावा खांदा उतरवला. आणि मान स्वयंपाकघराच्या दाराकडं वळवली, कान पुढं करून.

"असा कान का?" मी विचारलं.

"तू आत पोरीला रागवायला लागलीस की असेच बसायचे. अभ्यास कर म्हणून तू वरडायचीस, भांडी आपटायचीस, मधेच स्वतःशीच बडबड करायचीस. समदं ऐकायचे. आन् हसायचे. असं, टोपी तोंडापुढं धरून, खुदूखुदू. मी म्हणायची, अहो, सुनेला हसून राह्यले का? तर म्हणायचे, गप, घर कसं भरल्यावानी वाटतं. तू ताट घेऊन आलीस की झटकन तोंड सरळ. तुला कसं दिसंल? तू कुठं बघायचीस?"

मी तिथंच खाली बसले. किती वर्षं, मामा! मी दारापलीकडं ओरडत होते आणि तुम्ही अलीकडं हसत होता. हसरा काढ, हसरा काढ म्हणून माझ्याशी भांडत होता, आणि हसरा माणूस माझ्याच ओसरीवर बसलेला होता.

"आता रडत बसू नको," आत्याबाई म्हणाल्या. शर्टाच्या बाह्या त्यांच्या बोटांच्याही खाली आल्या होत्या. त्यांनी त्या वर सारल्या, नेमक्या तुम्ही सारायचात तशा असणार, आणि टोपी तोंडाशी नेली. "पेन्सिल आण. माझी मान दुखायच्या आत काढ. आन् सरळ बघ. मला बघू नको, त्यांना बघ."

मी काढलं. आत्याबाई रोज सकाळी हार केला की शर्ट घालून पायरीवर बसायच्या. येणारे-जाणारे थांबायचे, बघायचे, पण त्यांना विचारायची हिंमत कुणाची? रशीदभाई एकदा सायकलवरून जाताना थांबले, शर्ट ओळखला, आणि हात छातीला लावून पुढं गेले. घारे डोळे मला पाठ होते. माळ मला पाठ होती. ती तुमच्याबरोबर गेली, तरी कुठला मणी फुटका आहे ते मी झोपेतही सांगेन. बाकी सगळं आत्याबाईंनी दिलं. आणि हसू, टोपी गुडघ्यावर ठेवून उघडंच काढलेलं, ते तुमचं तुम्हीच दिलंत. समोरचा एक दात पडलेला, तोही काढला. बसवून घ्यायचा होता, बसवून घ्यायचा होता म्हणत तसाच राहिलेला.

आज सकाळी चित्र त्या खिळ्यावर लागलं. आत्याबाईंनी समोर उभं राहून बराच वेळ बघितलं. मी बाजूला उभी. मग त्या तुमच्याशी बोलल्या, माझ्याशी नाही. "बसा आता हसत." हार घातला, आणि परत हात लावून तो थोडा खाली ओढला, म्हणजे फुलं ओठांवर यायला नकोत. नातीनं खालून टाळ्या वाजवल्या.

सगळे आत गेल्यावर मी एकटी ओसरीवर राहिले. सवयीनं डोक्यावर पदर घेतला. सवयीनं नजर आधी तुमच्या पायांकडं गेली. अंगठ्याचं फुटलेलं नख काढायला मी विसरले नव्हते. मग मान वर केली, आणि जिन्यात राहिलेलं सगळं तुम्हाला तोंडावर सांगितलं. तुम्ही ऐकत होता, कान पुढं करून. तुम्ही पाटील नव्हता, गिरदावर नव्हता, कुणाच्याच घरचे आजे नव्हता. माझे सासरे होता, आणि अंगात तुमचाच शर्ट होता.